दोन सागवानी पेट्या

खानदेशात लाकूड वर्षातून दोनदा आपले माप बदलते. चैत्र सरत आला आणि पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की कपाटाच्या फळ्यांमधून उजेड दिसू लागतो, खुर्चीचे पाय डुगडुगतात, आणि रात्री निजानीज झाल्यावर एखादी तुळई 'कट्' असा आवाज करून सगळ्यांना दचकवते. मृगाचा पाऊस होऊन आठ-पंधरा दिवस उलटले की तेच लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगते. दारे चौकटीत रुततात आणि खण ओढता ओढत नाहीत. धुळ्याचा सुतार असो की जळगावचा, त्याला हा हिशेब ठेवावाच लागतो. जो ठेवत नाही, त्याची वस्तू दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. माझ्या घरी असलेल्या स्पीकरच्या दोन सागवानी पेट्यांनी जवळजवळ पन्नास उन्हाळे काढले आहेत आणि त्यांचा एकही सांधा अद्याप उघडलेला नाही.

या पेट्या १९७४ साली धुळ्यात घडल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा शाळामास्तर होते. जुन्या धुळ्यातला एक वाडा उतरवला जात होता. त्याच्या तुळया विक्रीला निघाल्या होत्या. त्यांतली एक अण्णांनी घेतली. वाड्याच्या छपराखाली कित्येक वर्षे वाळलेला तो साग होता. त्याला जेवढे आकसायचे होते तेवढे तो आकसून चुकला होता. अण्णांनी पेटीचे माप कागदावर काढून नेले होते. मिस्त्रींनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "मास्तर, आत काय ठेवणार?" "आवाज," अण्णा म्हणाले. "मग भिंती जाड पाहिजेत," असे म्हणून मिस्त्रींनी पाऊण इंचाच्या जागी एक इंचाची फळी धरली. हा प्रसंग अण्णांनी इतक्यांदा सांगितला आहे की मिस्त्रींना मी कधी पाहिले नसूनही त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटतो.

मिस्त्रींनी केलेली खरी करामत वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. लाकूड आकसते ते रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीच्या दिशेने ते जवळपास तसेच राहते. मिस्त्रींनी वरची, खालची आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या अशा कापल्या, की लाकडाची रेषा पेटीभोवती पट्ट्यासारखी फिरावी. त्यामुळे चारही फळ्या एकाच दिशेने फुगतात आणि एकाच दिशेने आकसतात. कोणी कोणाला ताणत नाही. कोपऱ्यांवर एकमेकांत अडकणारे दाते कोरले आणि ते सरसाने बसवले. आजच्या पांढऱ्या गोंदाने सांधा पक्का होतो खरा, पण तो पुन्हा उघडायचा झाला तर लाकूडच फाटते. सरसाचा सांधा ऊब आणि ओल दिली की सुटतो. दुरुस्तीची वाट राखून ठेवणारा तो गोंद आहे.

लाकडी पेटीमुळे आवाज गोड होतो असे लोक सहज म्हणून जातात. ते अर्धेच खरे आहे. मिरजेचे कारागीर सतारीचा भोपळा आणि तबकडी घडवतात ती गाण्यासाठी. तार छेडली की त्या लाकडाने तिच्याबरोबर थरारले पाहिजे. स्पीकरच्या पेटीचे काम नेमके उलटे आहे. तिने मुके राहायचे असते. कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटली तर खालचे सूर एकमेकांना पुसून टाकतात. त्या दोघींना वेगळे ठेवणे हे पेटीचे पहिले कर्तव्य. दुसरे असे, की कोंडलेल्या लाटेने भिंतींना थरथरवू नये. थरथरली तर पेटी स्वतःचा सूर प्रत्येक गाण्यात मिसळते, आणि मग लता असो की भीमसेन, सगळे एकाच नाकातून गाऊ लागतात. मिस्त्रींची एक इंचाची फळी हेच काम करते. तिच्या जोडीला आत कापूस आहे. मोठ्या कंपन्यांच्या पेट्यांत लोकर, नमदा किंवा काचतंतू भरत. आमच्या पेट्यांत जिनिंगमधून आणलेला, सरकी काढलेला खानदेशी कापूस भरला गेला. कापसाच्या तंतूंमधून वाट काढताना ध्वनीची ऊर्जा घर्षणाने झिजते आणि तिची किंचित उष्णता होते. कापसाच्या मुलखात राहण्याचा असा एक उपयोग अण्णांनी करून घेतला. दोष एवढाच, की कापूस वर्षागणिक खाली बसतो आणि उंदरांना तो फार आवडतो. दर दोन-तीन वर्षांनी मागची प्लायवुडची फळी उघडून मी तो पिंजून पुन्हा भरते.

आतले स्पीकर आठ इंची, फिलिप्सचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. त्यांच्या वर एकेक लहान स्पीकर, ज्याला बाजारात 'ट्वीटर' म्हणतात. ही रचना मुळात जुनीच आहे. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी लोहचुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी ठेवून तिला कागदी शंकू जोडण्याची जी पद्धत मांडली, तीच आजही जवळपास प्रत्येक स्पीकरमध्ये आहे. बदलले ते चुंबक. आमच्या स्पीकरांतले चुंबक अल्निकोचे, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे आहेत. १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, तिथल्या खाणींतून येणारे कोबाल्ट महागले, आणि जगभरच्या कारखान्यांनी स्वस्त फेराइटची वाट धरली. दूरच्या आफ्रिकेतल्या एका लढाईने धुळ्या-जळगावच्या दुकानांतले स्पीकर बदलले, ही गोष्ट मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा भूगोल आणि भौतिकशास्त्र यांच्यातली भिंत जरा पातळ होते. अल्निकोची एक पथ्याची बाब आहे: ते चुंबक त्याच्या लोखंडी घरातून कधी सोडवू नये. एकदा वेगळे केले की त्याचे बळ उतरते, आणि ते पुन्हा भरून देणारी माणसे आता क्वचितच सापडतात.

अशा वस्तूंची निगा राखणे म्हणजे त्यांना रोज पुसणे नव्हे. त्यांच्यापासून काय दूर ठेवायचे, हे ओळखणे जास्त महत्त्वाचे आहे. आमच्याकडे उन्हापेक्षाही मोठा शत्रू कूलर. बाहेर हवा कोरडीठाक, आणि कूलरच्या तोंडापुढे मात्र ओलसर वाऱ्याचा झोत. त्या झोतात ठेवलेला कागदी पडदा दिवसभर ओल पितो, रात्री कूलर बंद झाला की तडतडीत वाळतो. अशा दोन-चार उन्हाळ्यांत त्याची कड पिचते. म्हणून वैशाखात आम्ही सगळे कूलरसमोर आणि पेट्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला अशी व्यवस्था असते. वाळवी सागाला सहसा शिवत नाही, पण मागच्या प्लायवुडला सोडत नाही. तेव्हा पेट्या भिंतीपासून हातभर पुढे आणि विटेच्या उंचीच्या पायांवर. पॉलिश लाखेचे आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने पन्नास-साठ वेळा फिरवल्यावर जी झळाळी येते, ती ब्रशने मारलेल्या वॉर्निशला येत नाही. मात्र गरम चहाचा पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उमटलेच. आमच्याकडे पाहुण्यांना पाणी आधी आणि "त्याच्यावर पेला नका ठेवू" ही सूचना त्याहून आधी मिळते.

२००९ साली धुळ्याचे घर सोडून अण्णा माझ्याकडे जळगावला राहायला आले. पारोळा, एरंडोल करत टेम्पोतून सामान आले, त्यात गाद्यांत गुंडाळलेल्या या पेट्या होत्या. तेव्हापासून त्यांच्यात सुधारणा करण्याचे सल्ले मला मिळत आले आहेत. गोलाणी मार्केटमध्ये एका दुकानदाराने फोटो पाहून लगेच हिशेब मांडला: "ताई, डबा भारी आहे. आतलं सगळं काढू, ब्लूटूथचा बोर्ड टाकू, नवे स्पीकर टाकू. दणका बघा मग." दणका हा शब्द त्याने प्रेमाने उच्चारला. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या खोक्यांवर हजारो वॉटचे आकडे छापलेले असतात. ते आकडे क्षणभराच्या काल्पनिक शिखराचे असतात, आणि भिंतीतल्या प्लगमधून तेवढी वीज येणेच शक्य नसते. आमच्या स्पीकरांना दहा वॉटही पुरतात, कारण हलका कागद आणि जोरकस चुंबक यांमुळे थोड्या विजेत ते पुष्कळ बोलतात. अॅम्प्लिफायर मी बदलला, तारा बदलल्या, जाळीचे विरलेले कापड काढून सैल विणीची खादी लावली. नव्याला माझा विरोध नाही. पण 'डबा भारी आहे' एवढ्यावर जी सुधारणा सुरू होते, तिला वस्तूचे फक्त कातडे हवे असते.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. या पेट्यांवर आमच्या घरात सर्वांत जास्त वाजलेली गोष्ट म्हणजे एक कॅसेट. १९८३ च्या आखाजीला अण्णांनी मागून आणलेल्या एका लहान रेकॉर्डरवर ती भरली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशात माहेरवाशिणींचा सण. गौराई बसते, निंबाला झोके बांधले जातात आणि भर उन्हाळ्यात बायका झोक्यावर गाणी म्हणतात. आमची मोठी माय, अण्णांची आई, त्या गाण्यांची खाण होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिची भाषा अहिराणी. ग्रिअर्सन यांनी १९०७ साली आपल्या भाषिक सर्वेक्षणात या खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवले होते, पण मोठ्या मायला ती फक्त 'आपली बोली' म्हणून ठाऊक होती. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. त्यांचे शब्द महाराष्ट्राला मिळाले. मोठ्या मायचे उलटे झाले. तिचे शब्द तिचे नव्हतेच, ते पिढ्यांचे होते. आमच्यासाठी उरला तो तिचा गळा. दोन वर्षांनी ती गेली. तेव्हापासून दर आखाजीला अण्णा ती कॅसेट लावतात.

चार वर्षांपूर्वी मी पेट्या उघडल्या तेव्हा ट्वीटरला जोडलेला कंडेन्सर तपासला. ट्वीटरकडे केवळ वरचे सूर जाऊ देणारा तो द्वारपाल असतो. आमच्या कंडेन्सरवर ४ मायक्रोफॅरड असे छापलेले. आठ ओहमच्या ट्वीटरबरोबर त्याचा अर्थ असा, की सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे सूर मोकळेपणाने पुढे जावेत. पण या जातीच्या कंडेन्सरात ओलसर रसायन असते आणि ते वाळत जाते. तपमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे; खानदेशात त्याचे काय होत असेल ते सांगायला नको. उजव्या पेटीतला कंडेन्सर मोजला तर २.६ मायक्रोफॅरडवर उतरला होता आणि त्याचा अंतर्गत रोध १२ ओहमवर चढला होता. डाव्या पेटीतल्याची गतही तशीच. म्हणजे ट्वीटर जिवंत होते, पण त्यांच्यापर्यंत निम्म्याहूनही कमी आवाज पोहोचत होता. मी दोन्हीकडे न वाळणारे, पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याचे नवे कंडेन्सर बसवले आणि पहिली कॅसेट लावली ती अर्थातच आखाजीची.

जणू पुढ्यातला पडदा सरकला. झोक्याच्या दोराचा करकराट आला, बांगड्या आल्या, कोणीतरी हसून पदर तोंडाशी धरल्यासारखा आवाज आला. आणि मोठ्या मायच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी, तिच्या मागे, आणखी एक गळा दबकत ओळ पुरी करत होता. तो कोणाचा हे मला एका अक्षराने सांगितले. माझ्या आईच्या पुढच्या दोन दातांत फट होती. तिच्या 'स'ला एक बारीक शीळ असे. आवाजाचा पाया खालच्या पट्टीत असतो, पण शब्दांच्या कडा, म्हणजे स, श, च, यांची धार वर असते. आणि ती वरची पट्टी आमच्या पेट्यांतून वर्षानुवर्षे गळत गेली होती. आईचे माहेर यावल तालुक्यातले, तिची बोली निराळी. सासरची अहिराणी ती समजे, पण बोलत नसे, आणि गाणी तर ती मुळीच म्हणत नसे, अशी घरातली पक्की समजूत. त्या दिवशी तिने फक्त झोका दिला, असे सगळे सांगत. तिला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.

मी अण्णांकडे पाहिले. ते कपाळाला आठी घालून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हाऊ मायना आवाज नही शे." हा माझ्या आईचा आवाज नाही. ते चिडले नव्हते. हजेरी घेताना भलत्याच मुलाने 'हजर' म्हटल्यावर मास्तर जसे मान वर करतात, तसे त्यांनी म्हटले.

मी त्यांना समजावून सांगितले की फीत तीच आहे, उलट आता फितीवर जे आहे ते पूर्ण ऐकू येते आहे. मागचा गळा आईचा आहे हेही सांगितले. त्यांनी मान पुढे करून ऐकले. पण वयाबरोबर माणसाचे कान प्रथम वरचे सूरच गमावतात. ज्या शिळेवरून मी आईला ओळखले, ती त्यांच्या कानांच्या हद्दीबाहेर गेली होती. त्यांना नव्याने ऐकू आली ती फक्त हद्दीवरची खरखर, आणि त्या खरखरीने त्यांची माय झाकली गेली.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने वाद मिटलेला होता. तरी अण्णा चुकले असे मला म्हणवेना. ज्या आवाजाला ते 'माय' म्हणत होते तो फितीवर नव्हताच. फीत, कापूस, सागाची फळी आणि हळूहळू वाळत गेलेला एक कंडेन्सर यांनी मिळून तो पस्तीसहून अधिक वर्षांत तयार केला होता. वाळण्याची गती इतकी संथ, की कोणत्याही आखाजीला तो मागच्या आखाजीपेक्षा वेगळा वाटला नसेल. माझ्या मुलीने कॅसेटची संगणकावर प्रत केली आहे. त्या प्रतीत दोर आहे, बांगड्या आहेत, माझी आई आहे. अण्णांची माय तिथे नाही.

जुना कंडेन्सर परत लावणे हा सरळ उपाय होता, पण तो टिकणारा नव्हता. तो आणखी वाळला असता आणि एके दिवशी ट्वीटर पुरता मुका झाला असता. मग मी असे केले. उजव्या पेटीत २.७ मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर घेतला आणि त्याच्या रांगेत १२ ओहमचा, चिनी मातीच्या खडूसारखा दिसणारा एक रोधक झाळून टाकला. जुन्या कंडेन्सरचे वय जिथे आले होते तिथेच ते थांबले; आता ते पुढे सरकणार नाही. डाव्या पेटीत पूर्ण मापाचा नवा कंडेन्सर तसाच राहू दिला. रेकॉर्डर एकाच माइकचा होता, त्यामुळे दोन्ही पेट्यांना एकच आवाज जातो. उजवी तो अण्णांच्या मापाने बोलते आणि डावी माझ्या. ध्वनिशास्त्रातल्या कोणत्याही जाणकाराला ही जोडणी पाहून हसू येईल. जोडीतल्या दोन पेट्या तंतोतंत सारख्या असाव्यात हा पहिला धडा आहे.

अण्णा आता ८५ वर्षांचे आहेत. त्यांची खुर्ची उजव्या पेटीजवळ असते. पण यंदाच्या आखाजीला दुसरे गाणे सुरू असताना ते उठले, खुर्ची ओढत डावीकडे घेऊन गेले आणि खादीच्या जाळीला जवळजवळ कान लावून बसले. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. ओळ संपली तसे त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "आते म्हननी का ती?"

"हो," मी म्हटले, "मायच्या मागोमाग."